‘फाइंडिंग नीमो’ची पहिली पाच मिनिटं पुढे ढकलावीत का?

लहान मुलांना ‘फाइंडिंग नीमो’ हा माशांचा ॲनिमेशनपट दाखवताना सुरुवातीचा भाग न दाखवता रिमोटनं पुढे ढकलायचा, असं बऱ्याच घरांत चालतं. छोट्या नीमोच्या आईला बॅराकुडा हा मोठा शिकारी मासा खातो, ते पोरांना कशाला दाखवायचं, हा त्यामागचा साधा विचार. माझ्या बहिणीच्या घरीही हेच झालं आणि त्यातूनच मी या प्रकरणाच्या मागे लागले. ती पाच मिनिटं चित्रपटात कशी आली, लहान मुलांना त्यांतलं काय कळतं, मोठ्यांना काय कळतं आणि ती गाळल्यावर मागे काय उरतं, एवढंच इथे मांडायचं आहे. माझं मत आधीच सांगते: काही मुलं सोडली तर ती पाच मिनिटं गाळू नयेत.

चित्रपट ३० मे २००३ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. निर्मिती पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओची, दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन, सहदिग्दर्शक ली अन्क्रिच. लांबी १०० मिनिटं. अमेरिकेत त्याला ‘जी’ प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे कोणत्याही वयाच्या मुलानं पाहायला हरकत नाही. सुमारे ९.४ कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटानं पहिल्या फेरीत जगभरात ८७ कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली आणि पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्करही मिळवलं. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं मोलाचा आकडा वेगळा आहे. २००६ सालापर्यंत त्याच्या ४ कोटींहून जास्त डीव्हीडी विकल्या गेल्या होत्या. म्हणजे हा चित्रपट थिएटरमध्ये एकदा बघून विसरायचा राहिला नाही. तो घराघरांत, दिवाणखान्यात, जेवताना, तापानं फणफणलेल्या पोराला मांडीवर घेऊन पुन्हापुन्हा पाहिला गेला. रिमोट आई-बापाच्या हातात होता, म्हणून गाळण्याची सोयही होती.

त्या पाच मिनिटांत काय आहे

मार्लिन आणि कोरल हे क्लाऊनफिश जातीच्या छोट्या माशांचं जोडपं, म्हणजे नीमोचे आई-बाप. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, जिथे प्रवाळाचा कठडा संपून खोल समुद्र सुरू होतो तिथे त्यांनी नवं घर घेतलंय. नवरा घरावर खूश आहे, बायको त्याची थट्टा करतेय. खालच्या कपारीत चारशेच्या वर अंडी आहेत. एवढ्या पोरांची नावं काय ठेवायची यावर दोघांचं बोलणं चाललंय आणि कोरलला ‘नीमो’ हे नाव आवडलंय. मग आजूबाजूचे मासे एकाएकी दिसेनासे होतात. समोर बॅराकुडा उभा असतो. मार्लिन बायकोला घरात जायला सांगतो, पण तिची नजर अंड्यांकडे जाते. ती खाली झेपावते, तो मध्ये पडतो, शेपटीचा तडाखा बसून बेशुद्ध होतो आणि पडदा काळा होतो.

तो शुद्धीवर येतो तेव्हा रात्र झालेली असते. बायको नाही, कपार रिकामी. एक अंडं तेवढं उरलंय आणि त्यावर बारीकशी चीर गेलीये. ते पंखांच्या ओंजळीत घेऊन तो त्याला शब्द देतो, की तुला कधीच काही होऊ देणार नाही.

एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. कोरलचा मृत्यू पडद्यावर दाखवलेलाच नाही. रक्त नाही, किंकाळी नाही, कलेवर नाही. झेप दिसते, अंधार दिसतो, रिकामी जागा दिसते. मधलं सगळं बघणाऱ्यानं आपल्या मनानं भरून काढायचं. आणि त्यानंतर लगेच लख्ख सकाळ होते, नीमो शाळेचा पहिला दिवस म्हणून बापाला ओरडून उठवतो, अख्खं घर नाचवतो. दुःखाचा प्रसंग आणि पोराचा धिंगाणा यांत उसंत जवळजवळ नाहीच.

हा प्रसंग आधी सुरुवातीला नव्हता

स्टँटननं या कथेचं मूळ स्वतःच्या बापपणात असल्याचं सांगितलं आहे. कामाच्या रगाड्यातून वेळ काढून तो मुलाला बागेत घेऊन गेला आणि सगळा वेळ ‘त्याला हात लावू नकोस’, ‘तिकडे जाऊ नकोस’ यातच गेला. पोराबरोबर असूनही आपण पोराबरोबर नव्हतो, हे त्याच्या ध्यानात आलं. मार्लिन जन्मला तो या जाणिवेतून.

पहिल्या मांडणीत मात्र कोरलचा मृत्यू चित्रपटभर तुकड्यातुकड्यानं, पूर्वस्मृतींच्या रूपात उलगडत जाणार होता. बाप एवढा का घाबरतो याचं उत्तर शेवटी शेवटी मिळायचं. कागदावर ही युक्ती चांगली दिसते. प्रत्यक्षात कच्चा चित्रपट बघताना मार्लिन सगळ्यांच्या डोक्यात जाऊ लागला. कारण माहीत नसलेली काळजी म्हणजे नुसती कटकट. शेवटी स्टँटननं ते तुकडे काढले आणि सगळा प्रसंग एकसंध करून अगदी आरंभी आणला. तोच मार्लिन, तीच टोचणी, तीच ‘आधी बाहेर डोकाव, मग आत ये, मग पुन्हा डोकाव’ ही तऱ्हा, पण आता बघणारा त्याच्या बाजूनं झाला.

या प्रकरणाची किल्ली मला इथे सापडते. जे घर पहिली पाच मिनिटं गाळतं, ते मुलाला जवळजवळ तोच चित्रपट दाखवतं जो खुद्द दिग्दर्शकानं बाद केला होता. मुलाला दिसतो तो उगाच ओरडणारा, शाळेत जाऊ न देणारा, मित्रांसमोर अपमान करणारा बाप. नीमो रागानं होडीला हात लावायला जातो तेव्हा मूल पूर्णपणे नीमोच्या बाजूनं असतं आणि बाप त्याच्या लेखी खलनायक ठरतो. तिथे पाणबुड्या नीमोला पकडून नेतो आणि पुढची सगळी शोधाशोध मग ‘चुकलेल्या बापानं केलेलं प्रायश्चित्त’ एवढीच उरते.

घाबरतं कोण?

२०१४ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात इयन कोलमन, जेम्स कर्कब्राइड आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. १९३७ ते २०१३ या काळातले सर्वाधिक कमाईचे ४५ बाल-ॲनिमेशनपट आणि मोठ्यांसाठीचे ९० चित्रपट त्यांनी मृत्यूच्या अंगानं तपासले. दोन तृतीयांश बालचित्रपटांत कुणा ना कुणा महत्त्वाच्या पात्राचा मृत्यू पडद्यावर होतो, मोठ्यांच्या चित्रपटांत हे प्रमाण निम्मं होतं. बालचित्रपटातलं मुख्य पात्र मरण्याचा धोका अडीच पट निघाला. नीमोच्या आईचा उल्लेख त्यांनी वेळेसकट केला आहे: ४ मिनिटं ३ सेकंद.

हा आकडा वाचून आई-बाप दचकतात, आणि ते साहजिक आहे. पण आकडा प्रसंग मोजतो, मुलाच्या डोक्यात काय उमटलं ते सांगत नाही. मृत्यू म्हणजे परत न येणं, तो प्रत्येकाला असतो, मेलेल्याला भूक लागत नाही की थंडी वाजत नाही, ही समज साधारणपणे पाच ते सात या वयात हळूहळू पक्की होते. तीन-चार वर्षांचं मूल मेलेल्या चिमणीला ‘उठ ना’ म्हणतं, ते याच कारणानं. शिवाय लहान मुलांना पडद्यावर कशाची भीती वाटते याचा विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोॲन कँटर यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा, की शाळेआधीच्या वयाची मुलं दिसण्याला घाबरतात. दात, डोळे, अचानक अंगावर येणारं धूड, मोठा आवाज. जे दिसत नाही, फक्त समजून घ्यावं लागतं, त्याची भीती वय वाढल्यावर वाटायला लागते.

हा निष्कर्ष नीमोला लावून बघितला तर चित्र पालटतं. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी या चित्रपटातली खरी भीतीदायक जागा आरंभी नाहीच. ती बुडालेल्या पाणबुडीत आहे, जिथे रक्ताचा वास लागलेला ब्रूस शार्क जबडा वासून पाठलाग करतो. त्याहून जास्त ती खोल काळोखात आहे, जिथे इवलासा सुंदर दिवा दिसतो आणि त्या दिव्यामागून सुयांसारख्या दातांचं तोंड बाहेर येतं. पहिल्या पाच मिनिटांत बॅराकुडा काही क्षण दिसतो, तेवढं दचकणं धरावंच लागेल. पण रिकाम्या कपारीचा अर्थ लागून घशात आवंढा येतो तो सोफ्यावर बसलेल्या आईच्या आणि बापाच्या. आपण नसलो तर या पोराचं कसं होईल, हा प्रश्न पालकांचा आहे. रिमोट उचलला जातो तो बऱ्याचदा याच प्रश्नापासून पळण्यासाठी, आणि नाव मात्र मुलाचं पुढे होतं.

बहिणीच्या घरी

भाची तेव्हा चार-साडेचार वर्षांची होती. मेहुण्यांनी चित्रपट लावला आणि थेट शाळेच्या सकाळीवर नेऊन ठेवला. पोरगी रंगली. पाणबुडीच्या वेळी आजीच्या पदरात तोंड खुपसून एका डोळ्यानं बघत राहिली. कासवं आल्यावर उठून नाचली. मग मध्येच तिनं विचारलं, “नीमोची आई कुठाय?”

मेहुणे म्हणाले, “ऑफिसला गेलीये.”

तिनं थोडा वेळ वाट पाहिली. चित्रपट संपत आला तशी पुन्हा विचारलं, “आई अजून कशी नाही आली?” आणि शेवटी बाप-लेक भेटले तेव्हा सगळ्यांचे चेहरे फुलले असताना तिचा चेहरा विचारात पडलेला. तिच्या हिशेबानं शोध पूर्ण झाला नव्हता. आई अजून सापडायची होती. रात्री झोपतानाही तेच.

मग काही दिवसांनी आजीनं सुरुवातीपासून लावायला सांगितलं. पडदा काळा झाला तेव्हा भाचीनं विचारलं, “काय झालं?” आजी म्हणाली, “मोठ्या माशानं आईला खाल्लं गं. आता बाबा एकटेच नीमोला सांभाळणार.” भाची गप्प झाली, आजीला चिकटून बसली. “आणि अंडी?” “तीपण.” “हे एक राहिलं.” “हो, हे एक राहिलं.” एवढ्यात नीमो ओरडत उठला आणि ती हसली. त्या दिवशी मार्लिन शाळेच्या वाटेवर नीमोला थांब-थांब करत होता, तेव्हा तिनं आजीला समजावून सांगितलं, “बाबाला भीती वाटते, कारण एकच राहिलंय ना.”

चार वर्षांच्या मुलीनं चित्रपटाचा गाभा एका वाक्यात सांगितला होता. एका घरातल्या एका मुलीवरून नियम काढता येत नाही, हे मान्य. पण ‘ऑफिसला गेलीये’ या उत्तरानं तिला जितकं अस्वस्थ केलं, तितकं ‘मोठ्या माशानं खाल्लं’ या उत्तरानं केलं नाही, हे मी समोर बसून पाहिलं.

आजीला ते उत्तर इतकं सहज का सुचलं, याचंही कारण आहे. लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाऊन लठ्ठ होऊन येते, मग मला खा, असं वाघाला सांगणारी आणि भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी आपल्या सगळ्यांच्या झोपेच्या वेळी येऊन गेली आहे. खाणं, खाल्लं जाणं, निसटणं हे आपल्या बालगोष्टींत कायम होतं. ते सांगणाऱ्या माणसाचा हात मुलाच्या पाठीवर असायचा, म्हणून ते पचायचं.

तळहातावरच्या फोडासारखा जपलेला

आरंभ पाहिलेल्या पालकांना पुढचा चित्रपट वेगळाच दिसतो. माझ्या मते लहानांच्या साहसपटांत बापाच्या भीतीबद्दल इतकं थेट बोलणारं दुसरं काम विरळा.

पूर्व ऑस्ट्रेलियाच्या सागरी प्रवाहात क्रश नावाचं कासव भेटतं, त्याचं पिल्लू प्रवाहातून बाहेर फेकलं जातं. मार्लिन वाचवायला धावतो, क्रश त्याला थांबवतो. पोर गटांगळ्या खातं, पुन्हा आत शिरतं आणि आनंदानं किंचाळतं. पोरं तयार झाली हे कळतं कसं, असं मार्लिन विचारतो. ते कधीच नक्की कळत नाही, पण त्यांना कळलं की आपल्यालाही कळतं, अशा अर्थाचं क्रशचं उत्तर आहे. दुसरीकडे सिडनीतल्या ज्या दंतवैद्यानं नीमोला पकडून नेलंय, त्याच्या माशांच्या टाकीत नीमो गाळणीच्या नळीत अडकतो. बाकीचे मासे मदतीला धावतात आणि टाकीतलाच गिल नावाचा मासा त्यांना अडवतो. स्वतः फाटक्या पंखाचा गिल नीमोला शांतपणे सांगत राहतो, की तूच बाहेर ये. नीमो येतो. एकाच वेळी समुद्रात बाप सोडायला शिकतोय आणि टाकीत मुलगा सुटायला शिकतोय. शेवटी मासे मच्छीमारांच्या जाळ्यात अडकतात, त्या प्रसंगात या दोन वाटा मिळतात: नीमो म्हणतो मी आत जातो, बाकीच्या माशांना खाली पोहायला सांगतो. आणि मार्लिन, ज्यानं त्या फुटक्या अंड्याला शब्द दिला होता, तो त्याला जाऊ देतो.

तो शब्द ज्यानं ऐकलाच नाही, त्याला हे ‘जाऊ देणं’ किती जड आहे ते कसं समजणार?

नीमोचा एक पंख जन्मतःच छोटा आहे, त्याच चिरलेल्या अंड्याची ती खूण. बाप आणि तो त्याला नशीबवान पंख म्हणतात. सुरुवात गाळली तर तो पंख का लहान आहे हेही हरवतं. चित्रपट त्या पंखाचा इलाज करत नाही, शेवटीही तो तसाच राहतो आणि काही अडत नाही. हातापायात जन्मजात उणीव असलेल्या मुलांना याचं किती मोल वाटत असेल! शोधात मार्लिनला साथ देणाऱ्या विसरभोळ्या निळ्या माशाबद्दल, डोरीबद्दलही थोडक्यात सांगायला हवं. २००४ साली ‘बीएमजे’मध्येच सॅली बॅक्सेंडेल या मेंदू-मानसशास्त्रज्ञ बाईंनी चित्रपटांतल्या स्मृतिभ्रंशाचा आढावा घेतला. बहुतेक चित्रपटांनी त्या आजाराचं वाट्टेल ते केलंय आणि त्यातल्या त्यात खरं चित्रण या निळ्या माशाचं आहे, असं त्यांनी नोंदवलं.

पडदा संपल्यावर

घराघरांत या चित्रपटाचा आणखी एक परिणाम दिसला. टाकीतला मासा सुटून समुद्रात जातो ही गोष्ट पाहून काही मुलांनी घरचे मासे संडासात सोडल्याच्या बातम्या २००३ साली अमेरिकेत आल्या. सांडपाण्याची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीनं पत्रक काढून पालकांना सावध केलं, की वाटेतल्या यंत्रांतून मासा जिवंत जात नाही. उलट बाजूनं, मुलं ‘नीमो’ विकत मागू लागली आणि प्रवाळांवरचे क्लाऊनफिश ओरबाडले जातील अशी भीती वर्तवली गेली. ही दुसरी गोष्ट पुढे फार ठामपणे सांगितली जाऊ लागली. ऑक्सफर्डच्या दिओगो व्हेरिसिमो आणि सहकाऱ्यांनी २०१६ च्या ‘फाइंडिंग डोरी’ या पुढच्या भागाबद्दल तपासून पाहिलं, तेव्हा निळ्या माशाची माहिती इंटरनेटवर शोधणं वाढल्याचं दिसलं, आयात वाढल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. मुलांना मासा पाळण्याइतकीच माशाबद्दल जाणून घेण्याचीही ओढ असते, असा मी त्याचा अर्थ लावते.

जाणून घ्यायला तर पुष्कळ आहे. क्लाऊनफिशच्या अंड्यांची राखण मुख्यतः नरच करतो, पंखांनी वारा घालतो. इथवर मार्लिन खरा. पण पिल्लं अंड्यातून निघाली की प्रवाहाबरोबर दूर जातात, बापाजवळ वाढत नाहीत. आणि मादी मेली तर तिचा नर स्वतःच मादी होतो. सात-आठ वर्षांच्या मुलांना हे सांगून बघा, पुढचे दोन दिवस प्रश्न थांबत नाहीत. आपल्याकडे हे मासे समुद्रातून न पकडता हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं वाढवण्याच्या केंद्रात, वाढवण्याचं तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं विकसित केलं आहे. घरी आणायचाच असेल तर तिथे वाढवलेला आणावा, आणि खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणं गोड्या पाण्याइतकं सोपं नाही हे आधी विचारात घ्यावं.

मग कुणी थांबावं?

ज्या मुलानं नुकतीच आई, बाबा, आजी-आजोबा किंवा भावंड गमावलं आहे, त्याच्यासमोर हा चित्रपट अचानक लावू नये. आधी मोठ्यांनी पाहावा, मग मुलाला गोष्ट तोंडी सांगावी आणि बघायचंय का ते त्यालाच विचारावं. आई आजारी आहे, हॉस्पिटलात आहे, तेव्हाही थांबलेलं बरं. मोठ्या आवाजाला आणि अंधाराला फार घाबरणाऱ्या तीन वर्षांच्या मुलासाठी मी पहिली पाच मिनिटं ठेवीन आणि काळोखातला दिव्याचा मासा पुढे ढकलीन. तो गाळल्यानं कथेचं फारसं बिघडत नाही. दिवसा लावावा, खोलीत उजेड ठेवावा. पडदा काळा होतो तिथे जवळ बसावं, मूल विचारेल तेवढंच सांगावं आणि खरं सांगावं. त्यानं काहीच विचारलं नाही तर थांबवून समजावत बसू नये. नीमो लगेच उठतोच आहे, त्याच्याबरोबर मुलाला पुढे जाऊ द्यावं.